घरच्या तव्यावर वेनेझुएलाची अरेपा: चूक बहुतेक वेळा पिठात असते

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुकानातून मक्याचं पीठ आणलं, कोमट पाण्यात मळलं, जाडसर गोल थापून तव्यावर भाजलं. कडा भेगाळल्या, आत कच्चट राहिलं आणि मधून चिरायला गेल्यावर सगळा चुरा झाला. मग वेनेझुएलात करतात तशी, बाहेरून खरपूस, आतून मऊ आणि सारण भरता येईल अशी अरेपा घरी कशी करायची?

यात हाताची चूक नाही, पीठच वेगळं आहे. अरेपाचं पीठ आधी शिजवलेलं असतं. मक्याचं साल आणि अंकुर काढून टाकतात, उरलेला दाणा वाफवतात, रुळांमध्ये दाबून त्याचे पोहे करतात, ते वाळवतात आणि मग दळतात. वाफेवर त्यातलं पिष्ट एकदा फुगलेलं असल्यामुळे नंतर साध्या गार पाण्यातही ते पाणी ओढून घेतं आणि गोळा बांधला जातो. मक्यात गव्हासारखा चिकट ताण नसतो, त्यामुळे कच्च्या मक्याच्या पिठाला गार पाण्यात धरून ठेवणारं काहीच नसतं. आपण मोदकाची उकड काढतो किंवा भाकरीसाठी गरम पाणी घेतो ते याच कारणासाठी. अरेपाच्या पिठाची उकड कारखान्यातच काढलेली असते.

ही सोय फार जुनी नाही. पूर्वी मका ‘पिलोन’ नावाच्या उंच लाकडी उखळात कांडून सोलायचा, शिजवायचा, वाटायचा आणि मग थापायचा, असा क्रम होता. सकाळच्या न्याहारीची तयारी आदल्या दिवशीच सुरू व्हायची. लुइस काबायेरो मेखियास या वेनेझुएलन अभियंत्याने शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या प्रक्रियेचं पेटंट १९५४ मध्ये घेतलं. १९६० मध्ये पोलार कंपनीने ‘हारिना पान’ बाजारात आणलं आणि घराघरांतली उखळं बाजूला पडली. पिवळ्या पाकिटावर डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेली बाई दिसते, तेच हे पीठ. आज अरेपा म्हटलं की हेच पीठ गृहीत धरलेलं असतं, आणि पुढची मापंही त्याचीच आहेत.

खरेदी करताना तीन गोष्टींत गल्लत होते. भारतात ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून मिळणारी पांढरी भुकटी म्हणजे निव्वळ मक्याचं पिष्ट. ते रस्सा दाट करायला ठीक, अरेपाला निरुपयोगी. पिवळं ‘मक्याचं पीठ’ किंवा ‘मक्की आटा’ हा कच्च्या मक्याचा असतो, तुमच्या अरेपा बिघडल्या त्या यामुळेच. तिसरं ‘मासा हारिना’, मेक्सिकन टॉर्टियाचं पीठ. ते चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं. त्याचा गोळा बांधला जातो, पण वास आणि चव टॉर्टियाची येते आणि पोत दाट होतो. आपल्याला हवं ते पाकिटावर ‘प्री-कुक्ड’, स्पॅनिशमध्ये ‘हारिना दे माइस प्रेकोसिदा’, किंवा ‘मासारेपा’ म्हणून लिहिलेलं असतं. परदेशात राहत असाल तर लॅटिन अमेरिकन किराणा दुकानात सहज मिळेल, भारतात आयात माल विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन शोधावं लागतं. पहिल्यांदा करताना पांढरं घ्या. पिवळ्याला मक्याची चव जास्त आणि किंचित गोडवा असतो, तेही चांगलंच लागतं, पण चव कशी असायला हवी हे पांढऱ्यावर नीट कळतं.

आता मापं. ९ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड अशा ८ अरेपांसाठी ३०० ग्रॅम पीठ, ५४० मिली पाणी आणि एक सपाट चहाचा चमचा मीठ घ्या. शिवाय ५० मिली पाणी बाजूला ठेवा, ते लागेलच असं नाही. वजनकाटा नसेल तर एक वाटी पिठाला सव्वा वाटी पाणी. मूळ अरेपात एवढंच असतं. काही घरांत चमचाभर तेल किंवा लोणी, थोडं दूध घालतात, त्याने कवच जरा मऊ होतं आणि रंग लवकर येतो. पण पाण्याचा अंदाज हाताला बसेपर्यंत यातलं काही घालू नका, नाहीतर गोळा सैल का झाला ते कळणार नाही.

परातीत आधी पाणी घ्या. त्यात मीठ विरघळवा आणि चव पाहा. पाणी वरणाइतकं खारट लागलं पाहिजे, मीठ नंतर सारखं मिसळत नाही. मग एका हाताने पीठ पावसासारखं भुरभुरवत दुसऱ्या हाताची बोटं पाण्यात गोल फिरवत राहा. पिठावर पाणी ओतलं की वरचा थर लगेच पाणी पितो आणि आत कोरड्या गुठळ्या अडकतात. त्या नंतर कितीही मळलं तरी जात नाहीत आणि चावताना रवाळ लागतात. पाणी गार किंवा कोमट चालेल. उकळतं नको, त्याने गोळा हाताला चिकटतो आणि थापता येत नाही.

सगळं पीठ पडल्यावर परातीत पातळसर, पिठल्यासारखं काहीतरी दिसेल. इथे घाबरून बरेच जण आणखी पीठ घालतात. घालू नका. ओल्या फडक्याने झाकून ५ मिनिटं थांबा, तेवढ्यात पीठ पाणी ओढून घट्ट होतं. मग हात ओला करून २ ते ३ मिनिटं मळा. पोळीच्या कणकेसारखं ताणून मळायची गरज नाही, तळहाताच्या टाचेने दाबून उरलेल्या गुठळ्या फोडायच्या एवढंच. झालेला गोळा ओल्या मातीसारखा मऊ लागतो, हाताला चिकटत नाही आणि बोट दाबलं की ठसा तसाच राहतो.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा आत्ताच करायची. लिंबाएवढा गोळा घ्या, दोन तळहातांत दाबून सेंटिमीटरभर जाड करा आणि त्याची कड बघा. कड गुळगुळीत असेल किंवा केसासारख्या बारीक रेषा असतील तर पाणी बरोबर आहे. भेगा २-३ मिलिमीटर आत जात असतील तर गोळा कोरडा आहे. बाजूला ठेवलेल्यातलं एक मोठा चमचा पाणी शिंपडा, मळा, पुन्हा बघा. दाबल्यावर चकती स्वतःहून पसरत असेल, बोटांना चिकटून सुटत नसेल तर पाणी जास्त झालंय. आणखी ५ मिनिटं ठेवून पाहा, तरी तसंच असेल तर चमचा-दोन चमचे पीठ भुरभुरवा. तव्यावर जे काही बिघडतं त्यातलं निम्म्याहून अधिक या एका परीक्षेत आधीच दिसतं. कोरड्या गोळ्याची अरेपा भाजल्यावर दगडासारखी होते आणि चिरताना कडेला फुटते. ओल्या गोळ्याची बाहेरून छान दिसते, पण आत लापशी राहते.

साधारण १०५ ग्रॅमचे गोळे करा. हात ओले ठेवून गोळा आधी अगदी गुळगुळीत वळा, कारण गोळ्यावरची प्रत्येक सुरकुती पुढे भेग होते. मग एका तळहातावर ठेवून दुसऱ्याने हलकं दाबायचं, पाव वळसा फिरवायचं, पुन्हा दाबायचं. या हातावरून त्या हातावर टाळी वाजवल्यासारखं थापत नेतात. भाकरीची सवय असलेल्या हाताने इथे जपावं लागतं: भाकरीत कड पातळ करत नेतो, अरेपात कड मध्याइतकीच जाड हवी. पातळ कड आधी वाळते, आणि पुढे चिरायला सुरीला जागाच राहत नाही. शेवटी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कड धरून चकती गोल फिरवा, दिसतील त्या रेषा ओल्या बोटाने बुजवा. थापलेल्या चकत्या ओल्या फडक्याखाली ठेवा.

वेनेझुएलात अरेपा ‘बुदारे’वर भाजतात. बुदारे म्हणजे सपाट, जड तवा, पूर्वी मातीचा आणि आता बहुधा बिडाचा. आपला बिडाचा डोशाचा तवा याला अगदी योग्य. मध्ये खोलगट असलेला पोळीचा तवा टाळा, जाड चकतीची कड त्यावर टेकत नाही आणि खालची बाजू ठिपक्याठिपक्यांत भाजते. नॉनस्टिकही चालतो, कवच थोडं कमी खरपूस येतं.

तवा मध्यम आचेवर तापू द्या, पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. कपड्याने किंवा कांद्याच्या फोडीने तेलाचा अगदी पुसट हात फिरवा. तेल साचलं तर अरेपा तळल्यासारखी होते, भाजल्यासारखी नाही. चकत्या ठेवा आणि ५ मिनिटं हात लावू नका. अरेपा तव्याला चिकटते ती जवळजवळ नेहमी लवकर हलवल्यामुळे. कवच तयार झालं की ती आपोआप सुटते. तवा हलकेच हलवून पाहा, सरकली तर उलटा. वर सोनेरी पृष्ठभागावर तपकिरी, क्वचित काळपट डाग असले पाहिजेत. दुसऱ्या बाजूलाही ५ मिनिटं.

इथे थांबलात तर आत कच्चं राहील. दीड सेंटिमीटर जाडीच्या मधोमध उष्णता पोचायला वेळ लागतो, आणि आच वाढवून तो वाचवता येत नाही, फक्त कवच जळतं. ओव्हन असेल तर आधीच १८० अंशांवर तापवून ठेवा आणि तव्यावरून काढलेल्या अरेपा जाळीवर ठेवून १२ ते १५ मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर आच मंद करून त्याच तव्यावर आणखी १२ ते १५ मिनिटं, दर ४ मिनिटांनी उलटत. झाकण घट्ट लावू नका, वाफेने कवच मऊ पडतं. झाकायचंच असेल तर तिरकं ठेवा.

झाली की नाही हे कानाने कळतं. अरेपा कपड्यात धरून पाठीवर बोटाने टकटक करा. झालेली अरेपा पोकळ वाजते, कच्ची ठस्स वाजते. सगळ्या एकाच वेळी होत नाहीत, प्रत्येक वाजवून काढा.

काढल्यावर कपड्यात गुंडाळून २-३ मिनिटं ठेवा. तव्यावरून थेट चिरली तर नीट शिजलेलीही आत चिकट वाटते. मग दातेरी सुरीने कडेने पाऊण भाग चिरा, एक बाजू जोडलेली राहू द्या, म्हणजे पुस्तकासारखी उघडते. सुरीला ओलं पीठ लागलं तर बंद करून पुन्हा ५ मिनिटं तव्यावर ठेवा, काही बिघडत नाही. सारण भरपूर भरायचं असेल तर चमच्याने आतला मऊ गर थोडा काढून घ्या. आणि सारणाआधी लोणी. गरम गराला लोणी लावलं की रसदार सारणाचं पाणी लगेच आत मुरत नाही आणि खालचं कवच ओलं होत नाही.

शिजवलेलं पीठ मिळालंच नाही तर? एक मार्ग खऱ्या, जुन्या पद्धतीचा आहे. सोललेला, अंकुर काढलेला वाळका मका, शक्यतो पांढरा, ५०० ग्रॅम घ्या. रात्रभर भिजवा आणि भरपूर पाण्यात दाणा आतपर्यंत शिजेल पण चावताना थोडा जोर लागेल इतपत शिजवा. उघड्या पातेल्यात तास-दीड तास लागतो. कुकरमध्ये कराल तर पहिल्या काही शिट्ट्यांनंतर उघडून पाहा, कारण फार गळला तर वाटल्यावर लगदा होतो. पाणी काढून पूर्ण गार करा आणि हाताने फिरवायच्या चक्कीतून किंवा खिमा करायच्या यंत्रातून दोनदा काढा. मिक्सरची अडचण ही की पाणी घातल्याशिवाय तो फिरत नाही आणि पाणी घातलं की गोळा सैल होतो. मिक्सरच वापरायचा असेल तर मूठ-मूठ टाकून, थांबत थांबत फिरवा. मीठ घालून मळा, बहुधा पाणी लागतच नाही. मेहनत आहे, पण या अरेपाची मक्याची चव पाकिटातल्या पिठाला येत नाही.

दुसरा मार्ग कच्च्या बारीक पिठाची उकड. ३०० मिली पाणी मिठासह उकळा, २५० ग्रॅम पीठ घाला, ढवळून झाकण ठेवा, अगदी मंद आचेवर ५ मिनिटं वाफ येऊ द्या आणि गरम असतानाच मळा. थापता येईल असं होतं, भाजून खाता येतं. पण चव मक्याच्या भाकरीची येते आणि आत तो मऊ, वाफाळलेला गर तयार होत नाही. भूक भागेल, पण ही अरेपा आहे असं मी म्हणणार नाही.

वेनेझुएलात लारा आणि फाल्कोन भागांत ‘अरेपा पेलादा’ करतात, तिचा मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून साल चोळून काढतात. किलोभर मक्याला साधारण १० ग्रॅम खाण्याचा चुना पुरतो, आणि दाणे चार-पाच पाण्यांत धुवावे लागतात, नाहीतर तोंडात साबणासारखी चव रेंगाळते. तिच्यासोबत तिथे बोकडाचं मटण खातात, त्यामुळे घरी मटण सुकं असेल तर ते भरायला संकोच नको. मेरिदा आणि ताचिराच्या डोंगराळ भागात गव्हाच्या पिठाची अरेपाही करतात, पण तिची कणीक आणि कृती अगदी वेगळी. कोलंबियातल्या बऱ्याच अरेपा पातळ असतात आणि चिरून भरत नाहीत, तेव्हा तिकडची कृती वाचून इकडची जाडी ठरवू नका.

सारणांना तिथे नावं आहेत. सर्वांत प्रसिद्ध ‘रेइना पेपियादा’. १९५५ मध्ये सुसाना दुइम मिस वर्ल्ड झाली, तिच्या सन्मानार्थ काराकासच्या एका अरेपाच्या दुकानात हे नाव पडलं. रेइना म्हणजे राणी. ८ अरेपांना ४०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन कांदा-लसूण घालून उकडा, पूर्ण गार करून बोटांनी रेषा सोडवा आणि पाणी निथळू द्या. गरम चिकनमध्ये मेयोनेज फुटतं. दोन पिकलेल्या अव्होकाडोंपैकी एक लिंबाच्या रसात कुस्करा, त्यात ३ मोठे चमचे मेयोनेज, मीठ, मिरपूड, कोथिंबीर आणि चिकन घाला. दुसऱ्याच्या फोडी शेवटी हलक्या हाताने मिसळा.

शाकाहारी घरात ‘दोमिनो’ करा: काळा राजमा आणि पांढरं खारं चीज, काळं-पांढरं म्हणून सोंगट्यांच्या खेळाचं नाव. २५० ग्रॅम काळा राजमा रात्रभर भिजवून मऊ शिजवा, कांदा, लसूण, ढोबळी मिरची आणि जिऱ्याची फोडणी देऊन आटवा. चमचा उलटा केल्यावर पडू नये इतकं घट्ट हवं, रस्सा राहिला तर अरेपा खालून फाटते. तिथलं चीज कोरडं, खारट आणि किसता येणारं असतं. नुसतं पनीर अळणी पडतं. निम्मं पनीर आणि निम्मं फेटा चीज किसून एकत्र केलं की चव बरीच जवळ जाते. ‘पेरिको’ म्हणजे कांदा-टोमॅटोची अंडाभुर्जी, न्याहारीची. त्यातही टोमॅटोचं पाणी पूर्ण आटल्यावरच अंडी फोडा. चिकन आणि किसलेलं पिवळं चीज म्हणजे ‘कातिरा’. काहीच भरलं नाही तर ती ‘विउदा’, म्हणजे विधवा. रस्सा-भाजीबरोबर तीच खातात.

याच गोळ्याची तळलेली अरेपाही होते. चकती सेंटिमीटरभर जाड ठेवा आणि मधोमध बोटाने आरपार छिद्र पाडा, म्हणजे मध्यही शिजतो आणि आत कोंडलेल्या वाफेने तेल उडत नाही. भेग असलेली चकती तेलात सोडू नका. गोड प्रकारात बडीशेप आणि ‘पापेलोन’ असतो. पापेलोन म्हणजे उसाच्या रसाचा शंकूसारखा गूळ, तेव्हा आपला गूळ इथे पर्याय म्हणूनसुद्धा अनोळखी नाही. २५० मिली कोमट पाण्यात ६० ग्रॅम गूळ विरघळवून गाळा, चिमूटभर मीठ, चमचाभर बडीशेप आणि १५० ग्रॅम पीठ. चकत्या अर्धा सेंटिमीटर जाड आणि छोट्या, आच मध्यमपेक्षा कमी, कारण गूळ लवकर काळा पडतो. बरोबर खारं चीज द्या.

मळलेला गोळा झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. काढल्यावर तो कोरडा पडलेला असतो, चमचाभर पाणी लावून पुन्हा मळा आणि कडेची परीक्षा पुन्हा करा. जास्त दिवस ठेवायच्या असतील तर चकत्या दोन्ही बाजूंनी ५-५ मिनिटं भाजून, गार करून, मध्ये कागद घालून फ्रीजरमध्ये ठेवा. खायच्या वेळी न वितळवता १८० अंशांच्या ओव्हनमध्ये २०-२५ मिनिटं. उरलेली भाजकी अरेपा दुसऱ्या दिवशी कडक होते, शिजलेला भात फ्रिजमध्ये टणक होतो तसंच. मायक्रोवेव्हमध्ये ती क्षणभर मऊ होऊन लगेच चामट होते. त्याऐवजी ओला हात फिरवून मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी ४-५ मिनिटं शेका. पाकीट उघडल्यावर पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, आणि कोकणासारख्या दमट हवेत तो डबा फ्रिजमध्येच ठेवा. दमट झालेलं पीठ आधीच थोडं पाणी प्यालेलं असतं, म्हणून पावसाळ्यात ५४० ऐवजी ५०० मिलीपासून सुरुवात करा.